कळशी भरली म्हणजे किती

काचेचे मोजपात्र मी डोक्याच्याही वर धरले होते. शेवटच्या रांगेतील मुलांना त्यावरील रेघा दिसाव्यात, हा हेतू.

"हे नीट पाहा," मी म्हणालो. "या पात्रावर शंभर सारख्या भागांच्या खुणा आहेत. आता मी यात पाणी..."

एवढे बोलून होते तोच ते माझ्या ओल्या बोटांतून निसटले. वर्गाची जमीन शेणाने सारवलेली आणि मऊ होती; तिच्यावर पडते तर कदाचित वाचले असते. ते पडले नेमके उंबऱ्याच्या दगडावर.

 मग पहिल्या रांगेतून इठी कदमने अत्यंत गंभीरपणे विचारले, "मामा, आता किती भाग झालं?"

"शंभरापरीस जास्त," शेजारच्या सर्ज्याने काचा न्याहाळत सांगितले. "पर सारखं न्हाईत."

धारकता या विषयावरील माझ्या अध्यापनाचा हा प्रारंभ. सर्ज्याचे विधान दोन्ही अंगांनी बिनचूक होते, हे मला त्याही अवस्थेत मान्य करावे लागले.

बोरजाईवाडी हे डोंगराच्या कुशीतले गाव. खालच्या एस.टी. थांब्यापासून वर चढायला दमछाक करणारी पायवाट, आणि पहिली ते चौथीसाठी एका खोलीची शाळा. माझी थोरली बहीण वेणूअक्का या शाळेची एकमेव शिक्षिका होती. शाळेला लागून असलेल्या छोट्या खोलीत ती राहत असे. दाजी, म्हणजे तिचे यजमान रंगराव घोरपडे, साताऱ्यात गोदामावर कारकून. ते शनिवारी डोंगर चढून येत आणि रविवारी उतरून जात. लग्नानंतरचा त्यांचा सारा संसार असा आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजारासारखा चालला होता. अक्काला साताऱ्याजवळ बदली हवी होती. दुसरे काहीही नको होते.

मी तेव्हा तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो. पुण्यातील एका कारखान्याच्या मुलाखतीचे बोलावणे पुढच्या महिन्याचे होते. मधल्या काळात घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा अक्काकडे जावे, असे ठरवून मी वाडीवर आलो. बाईंचा भाऊ म्हणून मुलांनी मला पहिल्याच दिवशी 'मामा' करून टाकले.

"सदा, मी तुला मदतीला बोलावलं," काचा गोळा करता करता अक्का म्हणाली, "मोडतोडीला नाही."

"एक साधन गेलं. पद्धत शाबूत आहे," मी म्हणालो.

"पद्धत शनिवारी त्या उपळेकरांना दाखव म्हणजे झालं. माझी बदली त्यांच्या पेनात अडकली आहे."

वामनराव उपळेकर हे त्या भागाचे विस्तार अधिकारी. गेल्या वर्षी तपासणीला आले असता त्यांनी सर्ज्याला विचारले होते, "एका बादलीत किती पाणी मावतं?" सर्ज्याने उलट विचारले, "कुणाच्या?" साहेब म्हणाले, "कुणाच्याही." त्यावर सर्ज्याने सांगितले, "पाटलाची मोठी हाय. आमची फुटकी हाय. तिच्यात मावत न्हाई, तिच्यातनं जातं." उपळेकरांनी शेरा दिला: मुलांना धारकतेची गंधवार्ता नाही, वर्ग दुसऱ्याच्या हाती देण्याइतका तयार झाल्याखेरीज शिक्षिकेच्या बदलीचा विचार करता येणार नाही. तोच घटक तपासायला ते येत्या शनिवारी पुन्हा येणार होते.

"एका आठवड्यात होईल?" अक्काने विचारले.

"विषय सोपा आहे," मी सांगितले. "भांडं, पाणी आणि माप. चुकायला जागाच कुठे आहे?"

 अक्काने फक्त सुपलीतल्या काचांकडे पाहिले.

मी तीन टप्प्यांची योजना आखली होती. प्रथम भांड्यांची तुलना: कोणते मोठे, कोणते लहान. मग वाटी किंवा पेला घेऊन मोजणी. शेवटी लिटर आणि मिलिलिटर. प्रत्येक टप्प्यावर आधी अंदाज, नंतर माप, हा नियम. बाजारातून मी सरकारी शिक्क्याची ॲल्युमिनियमची मापे आणली. ती पडली तरी फुटणार नव्हती.

पहिल्या टप्प्यासाठी मुलांना घरून एकेक भांडे आणायला सांगितले. तांबे आले, लोट्या आल्या, चरव्या आल्या, एक पितळी कळशी आली. सोपान नावाच्या मुलाने आजोबांची पानाची चंची आणली.

"हे भांडं आहे का रे?" मी विचारले.

"मावतं की हिच्यात," सोपान म्हणाला. "पानं मावत्यात, सुपारी मावती, आडकित्ता मावतो. आज्ज्याचं दात बी मावत्यात."

धारकतेच्या व्याख्येप्रमाणे त्याचे म्हणणे नाकारता येण्याजोगे नव्हते. मी चंची रांगेत ठेवून घेतली. दुपारी आजोबा स्वतः ती मागायला आले. त्यांना जेवायचे होते.

अंदाजाच्या टप्प्यावर मात्र अडचण उभी राहिली, कारण वाडीत अंदाज म्हणजे दिलेला शब्द समजत. सर्ज्याने सांगितले, "ह्या चरवीत आठ पेलं." मोजताना नऊ भरले. सर्ज्याने माझ्याकडे पाहिले, चरवीकडे पाहिले, ती उचलून तोंडाला लावली, पेलाभर पाणी पिऊन टाकले आणि खाली ठेवून जाहीर केले, "आठ."

"अरे, अंदाज चुकला तर चुकू द्यायचा असतो!"

"आमच्यात चुकू देत न्हाईत," सर्ज्या म्हणाला. "बा म्हंतो, बोललं ते करून दावायचं."

पुढे दोन दिवस मी हे समजावण्यात घालवले की अंदाज म्हणजे शपथ नव्हे, पैज नव्हे आणि थापही नव्हे; तो डोळ्यांनी घेतलेला पहिला हिशेब आहे. भांडे वरून खाली पाहावे, त्याचे तोंड पाहावे, पोट पाहावे, आणि मग बोलावे. इठीला हे पाहणे फार आवडले. ती येणाऱ्याजाणाऱ्याकडेही तसेच, वरून खाली, तोंडापासून पोटापर्यंत पाहू लागली. गावच्या पोलिसपाटलांनी अक्काकडे तक्रार केली.

बुधवारपर्यंत अंदाज सुधारले. तरीही एक गोष्ट सुधारेना. पितळी कळशीत किती पाणी मावेल, असे विचारले की सारा वर्ग एकमुखाने सांगे, "आठ लिटर." माझ्या मापाने साडेदहा भरत होते. धान्याचा डबा मात्र नेमका उलटा: तीन लिटरचा डबा मुले चाराच्या जवळ नेऊन ठेवीत. आणि दुधाचे पातेले त्यांच्या लेखी निम्मेच. चुका अनियमित असत्या तर मी त्या मुलांच्या नावे टाकल्या असत्या. पण या चुका अतिशय शिस्तबद्ध होत्या.

"सदा, ती आठच का म्हणतात, हे विचारलंस का त्यांना?" भाकरी थापताना अक्काने विचारले.

"चूक का झाली हे विचारण्यात वेळ जातो. बरोबर काय ते सांगितलं की चूक आपोआप निघून जाते."

"तुमच्या कॉलेजात असंच शिकवतात?"

"कॉलेजात यंत्रं असतात, अक्का."

"बरोबर. यंत्रांना कोण विचारणार?"

मी उपाय केला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: भरलेले म्हणजे काठोकाठ. वर्गाकडून ते घोकून घेतले. कळशी उचलून दाखवली की वर्ग एका सुरात गर्जे, "काठोकाठ! साडेदहा!" शुक्रवारी संध्याकाळी अक्का समाधानाने हसली. तिच्या खोलीतल्या ट्रंकेवरची धूळ तिने पुसून ठेवली होती, हेही माझ्या लक्षात आले. 

शनिवारी सकाळी आम्ही शाळेच्या पायरीवर वाट पाहत होतो. पायवाटेच्या वळणावर दोघे जण दिसले. पुढचे दाजी होते. त्यांच्या खांद्यावर कुणाची तरी पिशवी होती. मागे खाकी टोपी घातलेले, हातात छत्री असलेले एक किडकिडीत गृहस्थ होते. दाजी मोकळ्या आवाजात बोलत होते आणि डोंगरात आवाज स्वच्छ ऐकू येतो.

"...म्हणून सांगतो पाहुणं, असला खवट माणूस अख्ख्या जिल्ह्यात न्हाई. बादलीत पाणी मावंना म्हणून माझा संसार टांगलाय त्यानं. बायकोचं तोंड आठवडाभरानं बघायचं, आन् त्या भाड्या..."

अक्काने डोळे मिटले. "सदा," ती पुटपुटली, "ते उपळेकर आहेत."

पायरीशी येऊन गृहस्थांनी छत्री मिटली. "नमस्कार, बाई. आपल्या यजमानांची वाटेत ओळख झाली. त्यांनी माझी पिशवी आणली, आणि माझ्याविषयी बरीच माहितीही दिली."

दाजींच्या खांद्यावरची पिशवी हळूहळू घसरत कोपरापर्यंत आली. "साहेब," ते म्हणाले, "मी दुसऱ्या साहेबांबद्दल बोलत होतो."

"असतील," उपळेकर म्हणाले. "आम्ही पुष्कळ आहोत."

वर्ग सुरू झाला. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. दाजी दाराबाहेर, जणू शिक्षा झाल्यासारखे. आरंभ उत्तम झाला. तुलना बरोबर आली. एका लिटरचे मिलिलिटर किती, हे सोपानने न अडखळता सांगितले. अर्ध्या लिटरची दोन मापे ओतून लिटर भरून दाखवण्यात सर्ज्याने एक थेंब सांडू दिला नाही, की प्यायलाही नाही. उपळेकरांच्या भुवया सैल झाल्या. अक्काच्या हातातली खडूची कांडी मात्र मोडून मोडून तिळाएवढी झाली होती.

मग उपळेकरांनी छत्रीचे टोक पितळी कळशीकडे वळवले. "ही भरली तर किती लिटर पाणी मावेल? अंदाज सांगा."

मी मागून हात उंचावून काठोकाठची खूण केली. वर्ग गर्जणार, एवढ्यात इठीने हात वर केला.

"साहेब, कसं भरायचं त्ये सांगा की."

"कसं म्हणजे? भरलं म्हणजे भरलं."

"पान्यानं का दान्यानं?"

"पाण्याने."

"डोक्यावर न्यायची का मोरीत ठिवायची?"

उपळेकरांनी टोपी किंचित मागे सारली. "कळशी तीच आहे ना, मुली? मग भरणंही तेच."

"न्हाई ना साहेब," इठी उठून उभी राहिली. हाताने कळशीचा गळा दाखवत ती समजावू लागली, थोरली बहीण धाकट्याला समजावते तसे. "पानी भरलं म्हंजे हितं, गळ्याच्या खाली चार बोटं. न्हाईतर चढावर हिंदकळून मान भिजती, आन् आय मारती. दाणं भरलं म्हंजे वर शीग पायजे. सपाट दिलं तर दिलं न्हाई म्हंत्यात. दूध भरलं म्हंजे निम्मं, न्हाईतर चुलीवर उतू जातं. मामा म्हंत्यात समदं काठोकाठ. पर काठोकाठ कायच नसतं साहेब."

"रॉकेल असतं," सर्ज्या म्हणाला.

"का?" उपळेकरांनी विचारले.

"बा दुकानात उभा ऱ्हातो तवा."

मी वर केलेला हात खाली घेतला. तंत्रनिकेतनात जलशास्त्राचा अभ्यास करताना पाण्याला दाब असतो, वेग असतो, दिशा असते, एवढे मला शिकवले होते. ते सांडले की आई मारते, हे कुठल्याही पुस्तकात नव्हते.

अक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तयार झालेला वर्ग दुसऱ्याच्या हाती द्यायचा होता. आणि इथे वर्गाने लिटरच नाकारला होता.

 उपळेकरांबद्दल एक गोष्ट सर्व शिक्षकांना ठाऊक होती: 'कृतीतून शिक्षण' या तत्त्वावर त्यांची अढळ श्रद्धा होती. कुणी काहीही म्हटले की ते म्हणत, करून पाहू. ती श्रद्धा आता जागी झाली.

"काठोकाठ भरलेली कळशी नेता येत नाही, असं कोण म्हणतं?"

"समदीच म्हंत्यात."

"सगळे म्हणतात म्हणून खरं मानायचं नाही. करून पाहायचं. झरा कुठे आहे?"

"साहेब, मी आणतो," मी पुढे झालो.

"तुम्ही बाजूला व्हा. चला रे मुलांनो."

झरा शाळेच्या खालच्या अंगाला होता. सारा वर्ग साहेबांच्या मागे उतरला. त्यांच्यामागे अक्का, दाजी आणि मी. उपळेकरांनी बाह्या वर केल्या, कळशी झऱ्यात बुडवली, ती काठोकाठ भरली आहे याची मुलांकडून एकमताने खात्री करून घेतली आणि उचलून खांद्यावर घेतली.

"कुठे सांडली?" त्यांनी विजयाने विचारले.

"अजून चाललाईत कुठं?" इठी म्हणाली.

त्यांनी पहिले पाऊल टाकले. कळशीतल्या पाण्याने पुढे झेप घेतली. त्यांनी तोल सावरायला मागे वाकून दुसरे पाऊल टाकले. पाणी मागे आले आणि कॉलरमधून आत शिरले. मोकळ्या पृष्ठभागाच्या द्रवाला हेलकाव्याची एक स्वतःची लय असते आणि चालणाऱ्याचे पाऊल त्या लयीशी जुळले की हेलकावा वाढत जातो. हे तत्त्व मी परीक्षेत सविस्तर लिहिले होते. प्रत्यक्षात ते एका विस्तार अधिकाऱ्याच्या पाठीवरून वाहताना मी प्रथमच पाहत होतो. त्यांचे पाऊल लयीशी फारच चांगले जुळले होते.

वरच्या बांधावर धुणे वाळत घालणाऱ्या म्हाताऱ्या बयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आगं बया! बाई, सायबाला पान्याला लावलं का काय?"

"प्रयोग आहे, आजी!" उपळेकर धापा टाकत ओरडले. बोलण्यासाठी त्यांनी मान वळवली, त्यात आणखी पेलाभर गेले.

"परयोग आसंल तर आसू दे. कमरंत घ्या ती, कमरंत! खांद्यावर काय पालखी न्हेताय?"

शाळेच्या दाराशी त्यांनी कळशी खाली ठेवली. टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होते. एक बूट चालताना पचपच वाजत होता. त्यांनी चष्मा काढला, तो पुसायला कोरडे काहीच सापडेना, तेव्हा तसाच परत लावला.

"आता मोजा," ते म्हणाले.

सर्ज्याने लिटरचे माप घेतले. वर्ग मोठ्याने मोजत होता. एक. दोन. पाचव्यानंतर कळशी तिरपी करावी लागली. सहावे माप भरले, आणि तळाशी जे उरले ते पाव लिटरच्या मापातही अपुरे पडले.

कुणी हसले नाही. वाडीची मुले चांगल्या वळणाची होती. इठीने उपळेकरांच्या ओल्या बाहीला हळूच हात लावला.

"वाईट वाटून घिऊ नका, साहेब. नव्या सुनेची बी पयल्या दिशी येवढीच येती."

दाजींना तेव्हा खोकला आला. तो बराच वेळ थांबेना, म्हणून ते शाळेच्या मागे निघून गेले.

थोड्या वेळाने उपळेकर अक्काच्या खोलीत, दाजींचे धोतर गुंडाळून आणि माझा सदरा घालून, चहा पीत बसले होते. त्यांचे कपडे बाहेर बांधावर बयाबाईंच्या लुगड्याशेजारी वाळत होते. मुले दाराशी दाटीने उभी होती. अक्का चुलीजवळ, न बसता. कपबशी धरलेले दाजी सर्वांत दूरच्या कोपऱ्यात.

"बाई," उपळेकर म्हणाले, "पंचवीस वर्षं मी वर्ग तपासतो आहे. 'एका लिटरचे हजार मिलिलिटर' असं पोपटासारखं सांगणारे शेकड्यांनी पाहिले. 'कसं भरायचं ते आधी सांगा' असं विचारणारा वर्ग मी पाहिला नव्हता. तुमचा वर्ग तयार आहे."

अक्का एक पाऊल पुढे आली. "म्हणजे साहेब, बदली...?"

"शिफारस मी आजच करतो. पण खरं सांगायचं तर अडचण शेऱ्याची नव्हतीच. तुमच्या जागी कोण? बोरजाईवाडी म्हटलं की धट्टाकट्टा मास्तरसुद्धा दाखला आणून आजारी पडतो. माणूस हजर झाल्याशिवाय तुम्हाला सोडता येणार नाही, आणि माणूस मिळत नाही."

"मग हे आधी का सांगितलं न्हाई?" दाजी कोपऱ्यातून म्हणाले. त्यांची भीती संपली होती. "निदान आशा तरी लावून घेतली नसती."

"वर्ग तयार नसता तर सांगण्याची वेळच आली नसती," उपळेकर शांतपणे म्हणाले. "वाटेत तुम्ही मला जे म्हणालात, त्यातलं निम्मं मी मान्य करतो. विशेषणं सोडून."

अक्का हळूहळू खाली बसली. चुलीतली लाकडे पुढे सारू लागली. चूल विझलेली होती.

उपळेकरांची नजर माझ्याकडे वळली. "हे कोण?"

"आमचं मामा," दारातून पाच-सहा आवाज आले.

"शिक्षण?"

मी पदविकेचे नाव सांगितले. पुढच्या महिन्यातली पुण्याची मुलाखतही सांगितली.

"तात्पुरती नेमणूक माझ्या शिफारशीने होऊ शकते," ते म्हणाले. "पगार थोडा. चढण पाहिलीच आहे. प्रशिक्षण मागाहून देता येईल. बाई त्यामुळे याच महिन्यात मोकळ्या होतील."

"नको, साहेब!" अक्का ताडकन उठली. "त्याला कारखान्यात जायचं आहे. आईनं बांगड्या मोडून शिकवलं त्याला. माझ्यासाठी नको."

"मी विचार करून सांगतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात प्रत्येक प्रसंगी वापरत आलो आहे, आणि त्याचा सहसा उपयोग होतो.

उपळेकरांनी दाराकडे पाहिले. त्यांच्या ओल्या मिश्यांखाली काहीतरी हलले. "मुलांनो, एक शेवटचा अंदाज. हे मामा इथे मास्तर म्हणून राहिले, तर किती टिकतील?"

"शिमग्यापातूर," सोपान लगेच म्हणाला.

"दुसरं काचंचं भांडं फुटंस्तवर," सर्ज्या म्हणाला.

इठी पुढे आली. तिने मला पाहिले: आधी तोंड, मग पोट, मग पाय. मीच शिकवले होते तसे. तिला घाई नव्हती. खोलीत कुणीच हलत नव्हते. 

"साहेब," ती शेवटी म्हणाली, "ह्यांना कसं भरायचं, त्यावर हाय त्ये."

उपळेकर इतके हसले की चहा दाजींच्या धोतरावर सांडला. मी हसलो नाही. मला आठवते ते एवढेच, की मी "राहतो" असे म्हणालो आणि माझाच आवाज मला परका वाटला. त्या होकाराची कार्यकारणमीमांसा मी पुढे पुष्कळदा केली. ती कधी जुळली नाही. पुण्याच्या मुलाखतीची तारीख आली तेव्हा मी वर्गात फुटक्या बादलीतून किती वेळात किती पाणी जाते, हे सर्ज्याबरोबर मोजत होतो. शिक्षण खात्यातून, वर्गातूनच, मी पुढे निवृत्त झालो.

पण त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हते. अक्काने माझा दंड घट्ट धरला. मला वाटले ती नाही म्हणेल, किंवा रडेल. ती म्हणाली, "सोपानला पुढं बसव. त्याला लांबचं दिसत नाही, पण तो सांगत नाही. सर्ज्याला हिशेब येईना झाला तर आधी विचार, भाकरी खाल्ली का. इठीला प्रश्न विचारायला अडवू नको, पण सगळे एकाच तासाला नको, नाहीतर बाकीच्यांना बोलायला उरत नाही. आणि धोंडीची आई गेल्यापासून ती मधल्या सुट्टीत घरी जात नाही, तिला आपल्यातलं जेवायला द्यायचं, पण 'जास्त झालंय' असं म्हणून द्यायचं. आणि पावसात ओढ्यापलीकडची पोरं..."

"वेणू," दाजी म्हणाले, "अगं, अजून आदेश निघायचाय."

"मला बोलू द्या. शेवंताला नवीन माणसाची भीती वाटते. कौलाच्या त्या कोपऱ्यात गळतं, तिथं कुणाला बसवायचं नाही. आणि सदा, त्यांना घोकायला लावू नको रे..."

उपळेकरांनी बशी खाली ठेवली. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "बदली तुमची होते आहे. शाळेची नव्हे."

"तेच तर कळतंय हो, साहेब," अक्का म्हणाली, आणि मटकन उंबऱ्यावर बसून रडू लागली.

दाजी तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. एवढी वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि आता हातांचे काय करावे, हे त्यांना समजेना. मुले भोवती जमली. सकाळपासून त्यांनी प्रत्येक गोष्टीचा अंदाज सांगितला होता. बाई गप्प व्हायला किती वेळ लागेल, याचा मात्र त्यांच्यातल्या एकानेही सांगितला नाही.